३७ हेक्सचं राज्य

काल्पनिक जग रचायला बसलं की बहुतेकांचा हात आधी खंडाच्या किनाऱ्याकडे जातो. मोठा कागद, वेडीवाकडी किनारपट्टी, सात राज्यं, त्यांचे राजवंश, दोन हजार वर्षांच्या लढाया. यात मजा आहे आणि ती कुणी सोडावी असं मी म्हणणार नाही. पण हे जग भूमिकाखेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) टेबलावर आणायचं असेल, चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका आणि फासे घेऊन समोर बसणार असतील, तर सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. एक शहर घ्यावं, त्याला पोसणारी शेतं घ्यावीत आणि त्या धान्यावर कुणाकुणाचा डोळा आहे ते ठरवावं. वर्ष-दोन वर्षांचं कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारा सलग खेळ, एवढ्यात आरामात मावतं. तुकडा किती मोठा लागतो ते मोजता येतं, म्हणून आधी तेच मोजू.

समजा १० हजार वस्तीचं शहर हवं आहे. यंत्रं येण्याआधीच्या समाजात दहातली आठ-नऊ माणसं शेतीत असायची, कारण एका कुटुंबाच्या कष्टातून स्वतःचं पोट भरून उरणारं धान्य फार थोडं. म्हणून शहरातल्या १० हजारांमागे खेड्यांत ९० हजार माणसं धरायची. बऱ्यापैकी जमिनीवर चौरस किलोमीटरला ३० माणसं हा आकडा कामचलाऊ म्हणून चांगला आहे. म्हणजे लागली ३ हजार चौरस किलोमीटर जागा. त्याचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या येते सुमारे ३१ किलोमीटर, म्हणजे पाठीवर ओझं असलेल्या माणसाची पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंतची चाल.

आता हे हेक्सच्या, म्हणजे षटकोनी खणांच्या, कागदावर बसवू. समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये १० किलोमीटर अंतर असलेला हेक्स घ्या. जुन्या खेळाडूंच्या ओळखीचा ६ मैलांचा हेक्स जवळपास एवढाच असतो. त्याचं क्षेत्रफळ ८७ चौरस किलोमीटर भरतं. मधे शहराचा एक हेक्स, त्याभोवती ६, त्याबाहेर १२, त्याबाहेर १८. एकूण ३७ हेक्स, ३,२०० चौरस किलोमीटर. शहराला जेवढी जमीन हवी होती तेवढी, वर थोडी शिल्लक. या मापाची आणखी एक सोय आहे. सपाट मैदानात उभ्या माणसाला क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर दिसतं. म्हणजे हेक्सच्या मधोमध उभं राहिलं की त्याच्या कडेपर्यंत नजर पोचते. “इथून काय दिसतं?” या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे नेहमी तयार असतं: या हेक्समध्ये जे जे उघड्यावर आहे ते सगळं, आणि त्यापलीकडचं काही उंच असेल तर ते.

याच गणितातून नवीन गेम मास्टरची, म्हणजे जग रचून खेळ चालवणाऱ्याची, एक हमखास चूक उघडी पडते. आपण हेक्सला हिरवा रंग फासतो, ‘शेतजमीन’ लिहितो आणि पुढे जातो. पण ८७ गुणिले ३० म्हणजे त्या हेक्समध्ये २,६०० माणसं आहेत. अडीचशे वस्तीची दहा खेडी. तिथे सहा हत्यारबंद अनोळखी माणसं दिवसाढवळ्या कुणाच्या नजरेला न पडता जाऊ शकत नाहीत. शहरापासून १० किलोमीटरवरच्या गुहेत तीनशे वर्षं कुणाला न सापडलेला खजिनाही असू शकत नाही, गुराखी पोरांनी ती गुहा कधीच पालथी घातली असणार. खजिना ठेवायचाच असेल तर पोरं आत का जात नाहीत याचं उत्तर आधी हवं. हे उत्तर शोधताना जे सुचतं ते बहुतेक वेळा खजिन्यापेक्षा सरस निघतं.

रान हवं तर ते बाहेरच्या १८ हेक्सच्या कड्यात ठेवा. समजा तिथले १० हेक्स जंगल, दलदल आणि डोंगर आहेत. मग तेच ९० हजार लोक उरलेल्या २७ हेक्समध्ये बसवायचे, म्हणजे घनता चौरस किलोमीटरला ३८ वर जाते. चालण्यासारखं आहे, पण जमिनीसाठी भांडणं असणार, आणि कुणीतरी जंगल तोडून नांगर धरायला निघालेलं असणार. जंगलात जे राहतं त्याला ते पटणार नाही. एक भांडण न मागता मिळालं.

पाणी आणि डोंगर

याबद्दल थोडक्यात. नद्या उतारावर एकमेकींना मिळत जातात. वाटेत फुटून दोन दिशांना दोन समुद्रांकडे जात नाहीत. फाटे फुटतात ते मुखाजवळच्या सपाट त्रिभुज प्रदेशात. तळ्यातून बाहेर पडणारी वाट साधारणपणे एकच असते. डोंगररांगेची वाऱ्याकडची बाजू ओली, पलीकडची कोरडी. दर हजार मीटर चढाला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. गावं वसतात ती नदी पायी ओलांडता येते अशा जागी, संगमावर, घाटाच्या पायथ्याशी आणि जिथे बोटीतला माल गाडीवर चढवावा लागतो तिथे. एवढं सांभाळलं तर नकाशा डोळ्यांना खुपत नाही. यापुढे भूगर्भशास्त्रात शिरण्याची गरज टेबलावर क्वचितच पडते.

धान्याच्या गाड्या

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल, कारण गोष्टी इथून निघतात.

माणसाला वर्षाला साधारण २५० किलो धान्य लागतं. १० हजारांच्या शहराला २,५०० टन. बैलगाडीत ५०० किलो धरले तर वर्षाला ५ हजार गाड्या, म्हणजे रोज सरासरी १४ गाड्या वेशीतून आत यायला हव्यात. २० टनांची एक नाव ४० गाड्यांचं काम करते, म्हणून नदीकाठचं शहर सुखी आणि नदीवर ताबा असलेला माणूस जड. घोड्यावर १०० किलो लादून दूर न्यायचं म्हटलं तर घोडाच रोज चार-पाच किलो दाणा खातो, आणि वीस-पंचवीस दिवसांत ओझं संपवतो. म्हणूनच खुश्कीच्या मार्गाने धान्य फार लांबून येऊ शकत नाही आणि जवळचा पूल जिवापाड जपावा लागतो.

तर आपल्या राज्यात शेव नावाची नदी आहे, तिच्यावर तिरवड नावाच्या गावी पूल आहे आणि शहराचं निम्मं धान्य या पुलावरून येतं. एरवी रोज ७ गाड्या. सुगी झाल्यावर कोठारं भरायची असतात, तेव्हा तिप्पट, २१. हे एवढं हाताशी असलं की टेबलावर काय घडू शकतं ते बघा.

“अंधार पडलाय. पुलाच्या अलीकडे जकातीची चौकी. दार उघडं आहे. आत दिवा जळतोय पण माणूस नाही. मेजावर वही उघडी आहे आणि शेवटच्या ओळीची शाई अजून ओली आहे. काय करता?”

“वहीत काय लिहिलंय?”

“आज २१ गाड्या पार गेल्या. काल २१. परवाही २१.”

“पुलावर चाकांच्या खुणा दिसतात का?”

“दिवसभर पाऊस होता, त्यामुळे चिखलात स्वच्छ दिसतात. तू मोजतोस. ७ गाड्या.”

इथे एकही फासा पडलेला नाही. खेळाडूने नेमका प्रश्न विचारला, त्याला नेमकं उत्तर मिळालं. आता सगळ्यांना कळतं की कुठेतरी पाणी मुरतंय. आणि जो खेळाडू बोटांवर हिशेब करतो त्याला आणखी एक गोष्ट कळते: रोज १४ गाड्या गायब म्हणजे ७ टन, आणि धावपळीच्या माणसाला दिवसाला किलोभर धान्य धरलं तर कुणीतरी ७ हजारांचं रोजचं खाणं बाजूला काढतंय. सात हजार माणसांचं, किंवा माणूस नसलेल्या कुणाचं. वहीतला एक आकडा आणि चिखलातल्या खुणा यांतून खेळाडूंनी स्वतः एका लपलेल्या सैन्याचा आकार शोधला. गेम मास्टरने तोच आकडा एखाद्या म्हाताऱ्या साधूच्या तोंडून वदवला असता तर पुढच्या सेशनपर्यंत कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

जादू असली की हे गणित कोसळतं का, असं लोक विचारतात. तपासून बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत अन्नपाणी निर्माण करणारा मंत्र एका वेळी १५ माणसांची दिवसाची सोय करतो. हजारात एकाला तो येतो असं उदारपणे धरलं तर आपल्या एक लाखात १०० मांत्रिक झाले. सगळ्यांनी रोज एकदा म्हटला तरी पोट भरलं १,५०० जणांचं. शहर त्यावर जगणार नाही. पण ३०० शिपायांच्या गढीत असे २० मांत्रिक कोंडून घेतले तर ती गढी उपाशी ठेवून कधीच पडणार नाही. म्हणजे तुमच्या जगात वेढा घालणारा सेनापती आधी मांत्रिकांना फोडायचा प्रयत्न करणार. प्रत्येक मोठ्या मंत्राला हे दोन प्रश्न विचारावेत: किती जणांना येतो, आणि त्यामुळे कुणाचा धंदा बुडतो. उत्तर अडचणीचं वाटलं तर तो मंत्र दुर्मीळ करा किंवा महाग करा, पण खेळ सुरू होण्याआधी करा. चालू कॅम्पेनमध्ये मंत्र कापला की ज्याच्या पात्राकडे तो आहे त्याचा विरस होतो, आणि ते रास्तच आहे.

कोण काय मागतंय

आता माणसं. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राबद्दल तीन ओळी पुरतात: त्याला काय हवंय, कुणी अडवलं नाही तर येत्या आठवड्यात तो काय करेल, आणि तो कशाला घाबरतो. डोळ्यांचा रंग, बालपण, घराण्याचं बोधचिन्ह हे लागेल तेव्हा सुचतं. या तीन ओळी मात्र ऐन वेळी नीट सुचत नाहीत.

कोठारप्रमुख टोरक: डोंगरापलीकडच्या सैन्याला सुगी संपेपर्यंत धान्य पुरवायचंय, आठवडाभरात चौकीचा कारकून नाहीसा करेल, कोठाराची झडती झाली तर संपला. नावाड्यांची म्होरकी तिळवा: पूल बंद पडावा आणि सगळा माल नावेतून जावा ही इच्छा, पुलाच्या खांबाखाली रात्री माणसं पाठवेल, पूर तिच्या हातात नाही हे ती जाणते. कारकून सोळण: जीव वाचवून बहिणीच्या गावी पोचायचंय, आज रात्रीच पळेल, पाठलाग झालाय हे त्याला माहीत आहे.

नावं सहज ठेवलेली नाहीत. नदीकाठच्या लोकांच्या नावांत ‘ळ’ किंवा ‘ण’ येतोच: तिळवा, सोळण, निणव, वेळा. डोंगरी लोकांच्या नावांत ही दोन अक्षरं कधीच येत नाहीत. तिथे ‘क’, ‘ट’, ‘र’ यांचा खडखडाट: टोरक, करट, बाक्रो. नियम एका ओळीचा, पण तीन-चार सेशनमध्ये खेळाडूंच्या कानाला सवय होते. मग नदीकाठच्या शहराच्या कोठारप्रमुखाचं नाव टोरक निघालं की एखादा खेळाडू मान वर करतो. प्रत्येक समाजासाठी अशी दहा-बारा नावं लिहून समोर ठेवावीत आणि वापरलेल्या नावापुढे कोण ते टिपावं. यादी नसली की ऐन वेळी जीभ अडखळते, आणि अडखळून दिलेलं नाव ऐकल्यावर टेबलाला कळतं की हा माणूस आत्ता जन्माला आला, म्हणजे बिनमहत्त्वाचा.

टोरकच्या योजनेसाठी कागदावर ८ चौकोन काढा. कुणी काही केलं नाही तर खेळातल्या दर आठवड्याला एक चौकोन भरतो. तिसऱ्याला शहरात भाकरीचा भाव वाढतो, पाचव्याला कोठारावरचे पहारेकरी बदलतात, आठव्याला सैन्य घाट उतरतं. खेळाडूंनी गाड्या अडवल्या तर एक चौकोन खोडायचा. त्यांनी वीस दिवस दुसऱ्याच भुयारात घालवले तर तीन भरायचे. यात गोष्ट लिहून ठेवलेली नाही, फक्त कुणाचा कुठे जोर लागलाय ते लिहिलंय. जे गेम मास्टर ‘प्रवेश पहिला, प्रवेश दुसरा’ अशी पटकथा लिहून आणतात त्यांचं गाडं पहिल्या तासात अडतं, कारण खेळाडू कारकुनाच्या मागे न जाता तिळवाकडे नोकरी मागायला जातात. मग त्यांना ढकलत, ओढत परत आणावं लागतं आणि ते त्यांना जाणवतं. माणसांच्या इच्छा माहीत असतील तर तिळवा त्यांना नोकरी देईल का, कुठली देईल, हे त्याच क्षणी सांगता येतं.

रहस्याबद्दल एक नियम पक्का ठेवावा: खेळाडूंनी जे ओळखायला हवं त्यासाठी किमान तीन धागे. गेम मास्टरला जे ढळढळीत वाटतं ते समोरच्यांना निम्म्या वेळा दिसतच नाही. एक धागा सापडून त्याचा अर्थ लागण्याची शक्यता निम्मी धरली तर तीन स्वतंत्र धाग्यांपैकी एक तरी लागू पडण्याची शक्यता साडेसत्याऐंशी टक्के होते. टोरकसाठी: वही आणि चाकांच्या खुणा, रात्री घाटाकडे वळणाऱ्या गाड्या बघितलेला नावाडी, आणि कोठारातल्या पोत्यांच्या वरच्या थरात धान्य, खाली भुसा. हे धागे तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या प्रकारचे असावेत. तिन्ही चौकीतच ठेवले आणि खेळाडूंनी ती चौकी जाळली तर सगळं राखेत.

फासे कधी आणि किती वेळा

२० बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचे ५ मिळवायचे, बेरीज १५ किंवा जास्त झाली तर काम जमलं. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवे: ५५ टक्के. बरी संधी वाटते. आता गेम मास्टर म्हणतो, “चौघंही दबक्या पावलांनी जाताय ना, सगळे टाका, एकही चुकला तर पहारेकरी जागा होईल.” चौघांचंही जमण्याची शक्यता उरते ९ टक्के. त्याला कल्पनाही नसते की त्याने दार बंद केलंय. खेळाडूंना मात्र चार-पाच सेशननंतर कळून चुकतं की इथे लपूनछपून काही जमत नाही, आणि ते सरळ तलवारी उपसायला लागतात. मग तो तक्रार करतो की माझे खेळाडू फक्त मारामारी करतात. निम्म्यांचं जमलं तर गटाचं जमलं, असा नियम लावला की तीच शक्यता ७६ टक्के होते. आकडे तेच, खेळ दुसरा.

उलट बाजूही बघा. एखादी अवघड माहिती आठवतेय का यासाठी चौघांनी एकेक फासा टाकला, प्रत्येकाची संधी ३० टक्के, तर कुणा एकाला तरी आठवण्याची शक्यता ७६ टक्के. माहिती अवघड राहिलीच नाही. म्हणून ज्ञानाचा फासा एकानेच टाकावा, ज्याचा तो विषय आहे त्याने. आणि एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा फासे मागू नयेत: भिंत चढताना तीनदा ५५ टक्के म्हणजे शेवटी १७.

फासा टाकण्याआधी स्वतःला विचारावं की चुकलं तर काय होईल. “काही नाही, परत टाका” हे उत्तर असेल तर टाकूच नये. कुलूप उघडलं नाही, तर पहारेकऱ्याची पावलं जिन्यावर आली. किंवा उघडलं, पण हत्यार आत तुटून बसलं. आणि हे टाकण्याआधी बोलून दाखवावं. धोका माहीत असला की टेबल श्वास रोखून फाशाकडे बघतं.

दोन सहा बाजूंच्या फाशांचं मला विशेष कौतुक आहे. त्यांची बेरीज मधे गोळा होते: ७ यायची शक्यता सहात एक, २ किंवा १२ यायची प्रत्येकी छत्तीसात एक. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांत आला, तो युद्धखेळांच्या परंपरेतून. त्या जुन्या नियमांतली एक सवय आज अनेक टेबलांवरून गेलीय: समोर आलेला प्राणी किंवा टोळी कशी वागेल ते २ फाशांवर ठरवायचं. १९८१ च्या आवृत्तीत २ आले तर थेट हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ हल्ला नाही, १२ आले तर मैत्री. ६ ते ८ यायची शक्यता ४४ टक्के आहे. म्हणजे वाटेत भेटलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे थबकून बघत राहतात आणि पहिलं वाक्य बोलायची संधी खेळाडूंना मिळते. ही सवय परत आणावी.

तिच्या जोडीला धीर खचण्याचा फासा. पहिला साथीदार पडला की एकदा, निम्मे पडले की पुन्हा, २ फासे टाकायचे. बेरीज त्या टोळीच्या धैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. धैर्य ७ असेल तर पळण्याची शक्यता ४२ टक्के, ९ असेल तर १७. पोटासाठी वाटमारी करणारे सहा जण शेवटच्या माणसापर्यंत का लढतील? ते पळाले की लढाई वीस मिनिटांत आटोपते आणि पाठलाग, कैदी, सौदा असं काहीतरी हाती लागतं.

लढाई का लांबते त्याचंही गणित सोपं आहे. ५ पात्रं आणि ६ शत्रू म्हणजे फेरीला ११ पाळ्या. पाळीला २ मिनिटं धरली तर फेरी २२ मिनिटांची, ४ फेऱ्या म्हणजे दीड तास. शत्रूंच्या सगळ्या पाळ्या एकदम घ्या, वार आणि इजा यांचे फासे एकत्र टाकायला सांगा, आणि पुढच्याची पाळी आधीच पुकारा: “आता तू, त्यानंतर तू.” आणि ज्या लढाईचा निकाल दिसायला लागलाय ती फाशांनी शेवटपर्यंत ओढू नका. दुसरीकडे, एकटा बलाढ्य राक्षस पाच जणांसमोर ठेवला की तो अपेक्षेपेक्षा लवकर मरतो, कारण त्याच्या एका कृतीला समोरून पाच येतात. त्याची शक्ती वाढवून हे सुटत नाही. मग तो एका फटक्यात कुणाला तरी मारतो. त्याला दोन साथीदार द्या, किंवा दर फेरीला जागेतच काहीतरी घडू द्या: पूल डुगडुगतो, पाणी चढतं.

चार तासांचं टेबल

चार तासांच्या सेशनमधले ३० मिनिटं येण्या-जाण्यात आणि विश्रांतीत जातात. उरलेल्या २१० मिनिटांत निम्मा वेळ गेम मास्टर बोलतो. ५ खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २१ मिनिटं, ७ असतील तर १५. सात जणांचं टेबल जमवण्याआधी हा भागाकार करावा. चार हा आकडा सर्वांत सोयीचा. पाच जमवावेत म्हणजे एक गैरहजर राहिला तरी खेळ होतो, आणि तीन आले तरी खेळायचं हे आधीच ठरवावं. दिवस आणि वेळ कायमची बांधून टाकावी. दर वेळी नव्याने तारीख विचारणारी कॅम्पेन हळूहळू विझतात.

पहिल्या डावाच्या आधी अर्धा-पाऊण तास बसून बोलावं: खेळाचा बाज कसा, पात्रं मेली तर चालेल का, कुठल्या गोष्टी खेळात नकोतच आणि कुठल्या घडल्या तरी पडद्याआड राहाव्यात. कुणी कारण सांगायला बांधील नाही. खेळताना कुणी हात वर करून “हे नको” म्हटलं तर प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, चर्चा नाही.

वर्णन अर्ध्या मिनिटाचं असावं. तीन तपशील, त्यांतला एक नजरेपलीकडचा (वास, आवाज, गारवा), आणि शेवटचा असा की ज्याला हात लावावासा वाटेल. ओली शाई शेवटी आली ती म्हणूनच. लिहून आणलेला परिच्छेद वाचायला घेतला की चौथ्या वाक्याला लोक फासे रचायला लागतात.

आणि ऐन वेळी जे बोलाल ते लगेच टिपा. सोळणच्या बहिणीच्या गावाचं नाव तुम्ही हवेतून काढलंत, खेळाडूंनी ते लक्षात ठेवलं आणि महिन्याने तिथे गेले, तर तेच नाव निघालं पाहिजे. वहीचं एक पान फक्त यासाठी राखावं: आज टेबलावर काय खरं ठरलं.

राहता राहिला ३८ वा हेक्स. कधीतरी खेळाडू नकाशाच्या कडेपाशी येतात आणि म्हणतात, “पुढे जातो.” थांबवू नका. पाच मिनिटांची विश्रांती जाहीर करा आणि कागदावर तीन गोष्टी लिहा: इथली माणसं काय खातात आणि ते कुठून येतं, आत्ता इथे कुणाला कशाची निकड आहे, आणि शेव नदीकाठच्या शहराबद्दल इथे काय बोललं जातं. मग दोन नावं ठरवा. हे डोंगरापलीकडचे लोक, तेव्हा ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. विश्रांती संपली की सांगा, “घाट उतरताना खाली धूर दिसतो. शेकडो चुलींचा. आणि वाटेच्या कडेला एक रिकामी बैलगाडी उलटी पडलीय, तिच्या फळीवर तिरवडच्या चौकीचा शिक्का आहे. काय करता?”